अरण्याचें वय

एखादा मनुष्य निरोगी आहे कीं नाहीं हें वैद्य त्याची नाडी पाहून सांगूं शकतो. परंतु एखादें कुटुंब, एखादी संस्था किंवा एखादा समाज निरोगी आहे कीं नाहीं हें कोणाची नाडी पाहून ठरवावयाचें? समाजांतील माणसें धडधाकट असलीं म्हणजे समाजही धडधाकट असलाच पाहिजे, असा आपला सामान्य समज असतो. हा समज कितपत खरा आहे तें तपासून पाहण्यास मनुष्यसमाज हें फारसें सोयीचें क्षेत्र नव्हे. कारण तेथें न्यायाधीश आणि पक्षकार आपणच असल्यामुळें रागलोभ आड येतात. म्हणून आम्ही आज वाचकांस अशा एका समाजाकडे घेऊन जाणार आहों, कीं ज्यांत कोणाचाही पक्ष घेण्याचें आपणांस कारण नाहीं. तो समाज म्हणजे डोंगराळ मुलुखांतील बीच वृक्षांचा.

हा वृक्ष आपल्या देशांत आपोआप उगवत नाहीं. त्यामुळें मराठींत त्यास स्वतंत्र नांवही नाहीं. हिमालयांतील बांज ज्या कुळांतला, त्याच कुळांतला हाही. युरोप, उत्तर अमेरिका आणि पूर्व आशिया ह्या तिन्ही प्रदेशांत त्याच्या निरनिराळ्या जाती आहेत. ह्याची साल राखी रंगाची, पातळ आणि गुळगुळीत असते व म्हातारपणींही ती सहसा भेगाळत नाहीं. दाट रानांत युरोपीय बीच फळूं लागण्यास साठ-ऐंशी वर्षें जावीं लागतात, आणि फळही दर वर्षीं सारखें येत नाहीं. मध्येंच एखाद्या वर्षीं सारें रान एकदम फळांनीं लगडतें. इटलीच्या दक्षिणेस पोल्लीनो नांवाच्या पर्वतांत ६०० वर्षांहून अधिक वयाचे बीच सांपडले आहेत. शिवछत्रपतींचा जन्म झाला, तेव्हांच त्या झाडांनीं दोनशें पावसाळे पाहिले होते!

अशा दीर्घायुषी वृक्षांच्या रानाची प्रकृतिपरीक्षा करावयाची ती कशी? शास्त्रज्ञ एकेका झाडाचा घेर मोजतात. निवडक झाडांत बारीक पोकळ गिरमिट घालून लाकडाची सळई बाहेर काढतात आणि तिच्यावरचीं वार्षिक वलयें मोजतात. मग ह्या वयाचीं किती, त्या वयाचीं किती, अशी खानेसुमारी मांडतात. १८९८ सालीं द लिओकूर नांवाच्या एका फ्रेंच वनाधिकाऱ्यानें फ्रान्सच्या डोंगराळ भागांतील फर वृक्षांच्या रानांवरून एक नियम मांडला. बारीक खोडांकडून जाड खोडांकडे जावें, तसतशी झाडांची संख्या ठराविक प्रमाणांत घटत जाते, हा तो नियम होय. त्याचा आलेख काढला तर डावीकडे उंच कडा आणि उजवीकडे लांबवर उतरत गेलेली घसरण दिसते. रोपें असंख्य, सडपातळ झाडें पुष्कळ, भरदार झाडें थोडीं आणि महावृक्ष अगदीं मोजके. जुन्या पर्वतीय बीचवनांतही थोड्याफार फरकानें हाच उतार पुष्कळ ठिकाणीं आढळतो, आणि तो आढळला म्हणजे वनशास्त्रज्ञ सुटकेचा नि:श्वास टाकतात.

असें एक रान युक्रेनच्या पश्चिम टोकास कार्पाथियन पर्वतांत आहे. उहोल्का आणि शिरोकी लुह ह्या भागांतील हें बीचवन सुमारे १०,००० हेक्टर पसरलेलें असून युरोपांत ह्या जातीचें एवढें मोठें सलग आदिवन दुसरें नाहीं. २००७ सालीं युनेस्कोनें त्याचा समावेश जागतिक वारशांत केला, आणि २०१० सालीं स्विस व युक्रेनी संशोधकांनीं त्याची पद्धतशीर मोजणी केली. तींत असें दिसून आलें कीं, दर हेक्टरास जिवंत लाकूड सुमारे ५८० घनमीटर आहे, आणि उभ्यानें वाळलेलें किंवा आडवें पडून कुजणारें मृत लाकूड सुमारे १६० घनमीटर आहे. म्हणजे त्या रानाच्या एकंदर लाकडापैकीं एक पंचमांशाहून अधिक भाग प्रेतांचा! नीटनेटकेपणाची आवड असलेल्या गृहस्थास हें रान रोगट वाटेल. परंतु तेथें एखादा वृद्ध वृक्ष कोसळला म्हणजे वरच्या पर्णछत्रांत एका-दोन झाडांएवढें भोंक पडतें. त्यांतून उतरणाऱ्या कवडशांत तीं रोपें वर येतात, जीं कित्येक दशकें, प्रसंगीं शंभर वर्षांहूनही अधिक काळ, सांवलींत खुरटून उभीं असतात. अंगठ्याएवढ्या जाडीचें एखादें झुडूप आपल्या आजोबांच्या वयाचें असूं शकतें. वारस आधींपासूनच उभा असल्यामुळें मोठें झाड पडलें तरी रान पडत नाहीं.

आतां दुसरें दृश्य पाहूं. टोकियो शहराच्या पश्चिमेस ५९९ मीटर उंचीचा ताकाओ नांवाचा डोंगर आहे. तेथें जपानी बीचाचीं कांहीं जुनीं, भव्य झाडें आहेत. आजच्यापेक्षां हवा अधिक थंड होती, अशा काळीं, म्हणजे दोन-तीन शतकांपूर्वीं, तीं रुजलीं असावींत असें मानतात. सहलीस आलेला मनुष्य त्यांच्याकडे मान वर करून पाहतो आणि धन्य होतो. त्यानें मान खालीं घालून पाहिलें, तर मात्र त्यास बीचाचीं पोरें जवळजवळ कोठेंच दिसणार नाहींत. जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडील पर्वतांत हिंवाळ्यांत बर्फाचा जाड थर पडतो. त्याखालीं बीचाचीं फळें ओलीं राहतात आणि उंदरांपासून बरींचशीं वांचतात. ताकाओकडे तेवढें बर्फ पडत नाहीं. फळें उघड्यावर वाळतात किंवा उंदीर तीं फस्त करतात. शिवाय झाडें विरळ उरल्यामुळें परागांची देवघेव नीट होत नाहीं व पुष्कळ फळें पोकळ निघतात. त्या डोंगरावरील प्रत्येक बीच एकेकटा तपासला, तर कित्येकांस प्रकृतीचा उत्तम दाखला मिळेल. परंतु एकत्र तपासले, तर त्यांची वस्ती संपत आलेली आहे. शेवटला वृक्ष कोसळेपर्यंत तिची शोभा मात्र कमी होणार नाहीं.

तथापि रोपें दिसत नाहींत एवढ्यावरून घाईनें मृत्युलेख लिहूं नये, हेंही जपानांतील बीचच शिकवितो. बर्फाळ बाजूच्या बीचवनांत जमिनीवर सासा नांवाच्या ठेंगण्या बांबूचें पुरुषभर उंचीचें रान माजलेलें असतें. त्याच्या गर्दींत बीचाचीं रोपें गुदमरून मरतात. वर्षानुवर्षें एकही तगत नाहीं. परंतु आपल्याकडील बांबूप्रमाणेंच हा सासाही कित्येक दशकांनीं एकदां फुलतो, आणि फुलला कीं विस्तीर्ण प्रदेशावर एकदम वाळून जातो. त्या सुमारास बीचास भरघोस फळ आलें आणि वरचा एखादा वृक्ष पडून उजेड मिळाला, तर एकाच हंगामांत साठ-सत्तर वर्षांची उणीव भरून निघते. कोणत्याही समाजाची एका दिवसाची खानेसुमारी म्हणजे त्याचें चरित्र नव्हे.

तिसरें दृश्य ह्याच्या अगदीं उलट आहे. १८९० च्या सुमारास युरोपांतून आणलेल्या रोपांबरोबर एक अतिसूक्ष्म खवलेकीड कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदरांत उतरली. जेमतेम एक मिलिमीटर लांबीची ही कीड पांढऱ्या लोकरीसारखें आवरण अंगाभोंवतीं घेऊन बीचाच्या पातळ सालीवर बसते आणि रस शोषते. तिनें केलेल्या बारीक जखमांतून बुरशी आंत शिरते व मोठमोठीं झाडें पोखरून मारते. गेल्या शतकांत हा रोग दक्षिणेकडे सरकत सरकत ॲपलेशियन पर्वतांतून पुढें गेला. १९९३ सालीं तो ग्रेट स्मोकी पर्वतांत आढळला. ज्या रानांतून ही सांथ गेली, तेथें आज उंच बीच थोडे. पण जमिनीवर कोवळ्या बीचांची एवढी दाटी कीं आंत पाऊल घालणें कठीण. वरवर पाहणारास वाटावें, काय हें तारुण्य! वस्तुस्थिति अशी कीं, ह्यांतील पुष्कळशीं पोरें बीजापासून झालेलीं नाहींतच. तीं मरणाऱ्या झाडांच्या मुळांवर फुटलेले धुमारे आहेत. धुमारा म्हणजे नवा जीव नव्हे. तें त्याच जुन्या झाडाचें शरीर होय. त्यामुळें रोगाला बळी पडण्याची त्याची प्रवृत्तिही तीच. जरा जाड झाला कीं कीड त्यालाही धरते. शंभरांत एखादेंच झाड ह्या किडीस दाद देत नाहीं; आणि उद्यांच्या रानाची आशा त्या एका झाडाच्या बीजावर आहे, भोंवतीं माजलेल्या गर्दीवर नाहीं.

ह्या तीन दृश्यांवरून वनाच्या आरोग्याचीं तीन लक्षणें हातीं लागतात. सर्व वयांचीं झाडें एकाच वेळीं नांदत असलीं पाहिजेत. वडीलधाऱ्यांची जागा एकदम नव्हे, तर थोडी थोडी रिकामी होत गेली पाहिजे. आणि त्या जागीं येणारें पीक नव्या बीजाचें असलें पाहिजे, जुन्याच मुळाचा धुमारा नव्हे. ह्यांपैकीं एकही लक्षण कोणत्याही एका झाडांत दिसावयाचें नाहीं. आरोग्य हा येथें झाडाचा गुण नसून झाडाझाडांमधील संबंधाचा गुण आहे.

आतां येथें एखादा तरुण वाचक उत्साहानें म्हणेल, “मग निकाल लागलाच! म्हाताऱ्यांनीं बाजूस व्हावें, हाच अरण्याचा उपदेश.” आणि एखादे वृद्ध वाचक तितक्याच उत्साहानें म्हणतील, “सांवलींत सावकाश वाढलेलें झाडच दीर्घायुषी होतें. तरुणांनीं धीर धरावा, हाच अरण्याचा उपदेश.” आमच्या मतें अरण्य ह्यांपैकीं कोणताच उपदेश करीत नाहीं. वृक्ष पडतो तो कर्तव्यबुद्धीनें पडत नाहीं, आणि रोप थांबतें तें विनयानें थांबत नाहीं. जें घडतें त्यावरून जें घडावें तें काढूं पाहणें हा तर्कशास्त्रांतला जुनाच प्रमाद आहे. आणि येथें तर तो प्रमाद भयंकर ठरेल. कारण ज्या घसरत्या आलेखास आपण निरोगी वनाची खूण म्हटलें, तो आलेख तरी कशाचा आहे? डाव्या बाजूच्या असंख्य रोपांपैकीं उजव्या बाजूच्या मोजक्या वृक्षांपर्यंत पोंचलीं किती? बाकीचीं सारीं वाटेंतच मेलीं. तो सुंदर उतार म्हणजे मृत्यूचा जमाखर्च आहे.

मनुष्यसमाजासही हा आलेख अपरिचित नाहीं. दोन पिढ्यांपूर्वींच्या आपल्या घरांतून तो जिवंत होता. आठ-दहा बाळंतपणें व्हावयाचीं आणि तीन-चार मुलें हातीं लागावयाचीं. देवी, पटकी, प्लेग ह्यांच्या सांथींत तरणीताठीं माणसें जावयाचीं. आणि सत्तरी गांठलेला मनुष्य गांवांत कौतुकाचा विषय व्हावयाचा. १९४७ च्या सुमारास ह्या देशांतील सरासरी आयुर्मान अवघें ३२ वर्षांचें होतें. आज तें सत्तरीच्या घरांत आहे. वनाच्या दृष्टीनें ज्याला आरोग्य म्हणावयाचें, तें त्या काळच्या मातेच्या दृष्टीनें केवळ दु:ख होतें. तिला जर कोणी सांगितलें असतें कीं, “बाई, तुझीं पांच पोरें गेलीं म्हणूनच समाजाचा आलेख सुबक झाला,” तर त्या तत्त्वज्ञास तिनें दारांत उभें केलें नसतें, आणि तें योग्यच झालें असतें. झाडाला झाडाचा शोक नाहीं. माणसाला माणसाचा आहे. म्हणून माणसानें मृत्यूशीं झुंज घेतली, त्यास मागें रेटलें, आणि तो आलेख बुद्ध्या मोडला. ह्यांत आम्हांस लवमात्र खेद वाटत नाहीं.

परंतु येथेंच खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. मृत्यु हा नुसता संहारक नव्हता. तो वांटणीदारही होता. जागा, अधिकार, मालमत्ता, मानपान ह्यांची पिढ्यापिढ्यांमधील वांटणी तो न मागतां, न विचारतां करून देत असे. पन्नाशीच्या आंत बाप गेला कीं किल्ल्या आपोआप मुलाच्या हातीं येत. आतां मृत्यूला आपण उंबऱ्याबाहेर थांबविलें. पण तो जें वांटणीचें काम करीत होता, तें कोणावर सोंपविलें? तें काम तर उरलेंच आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जें काम पूर्वीं मृत्यु आंधळेपणानें आणि क्रूरपणानें करीत असे, तें आतां जिवंत माणसांनीं डोळसपणानें आणि प्रेमानें करणें प्राप्त आहे. लांबलेल्या आयुष्याबरोबर हें ऋणही वाढलें आहे. एक घेऊन दुसरें नाकारतां यावयाचें नाहीं.

हें ऋण फेडलें जात आहे काय? सभोंवार पाहावें. एखादें घर असें असतें कीं, सूनबाईंस स्वतःची सून आली तरी आज भाजी कोणती करावी हें सासूबाईंस विचारल्यावांचून चूल पेटत नाहीं, आणि पन्नाशीचा मुलगा बँकेच्या कागदांवर वडील दाखवतील तेथें सही करतो. एखादी शिक्षणसंस्था अशी असते कीं, तिच्या नियामक मंडळांत पंचाहत्तरीच्या आंतील मनुष्य ‘पोरगा’ समजला जातो. अशा मंडळाच्या छायाचित्राकडे पाहून भरून येतें. एकेक जण खरोखरच महावृक्ष असतो. पण तें चित्र ताकाओ डोंगराचें आहे. अशा मंडळींस सूचना केली, तर तीं म्हणतात, “आम्ही तरुण रक्त आणलें आहे कीं!” आणि पाहावें तों तें रक्त म्हणजे कोणाचा पुतण्या, कोणाचा जांवई, कोणाचा होयबा शिष्य. चेहरे तरुण, पण मत तेंच, शब्द तेच, आणि दोषही तेच. हे मुळांवरचे धुमारे झाले. जुन्या झाडास जो रोग बाधतो, तो ह्यांसही बाधणारच. आपल्याशीं मतभेद करूं शकेल असें बीज आपल्या सांवलींत रुजूं देणें, ह्यांतच वडीलकीची खरी कसोटी आहे.

वडीलधाऱ्यांकडून नेहमीं येणारा एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणें विचारांत घेतला पाहिजे. ते म्हणतात, “सोडावयास आमची ना नाहीं, पण मागचीं माणसें तयार नाहींत.” पुष्कळदां हें खरेंही असतें. पण सांवलींतल्या बीचाच्या रोपाकडे पाहावें. तें उंच वाढत नाहीं. फांद्या आडव्या पसरून, छत्रीसारखें चपटें होऊन, मिळेल तो उजेड वेंचीत बसतें. त्याच्याकडे पाहून ह्यांतून वृक्ष होईल असें कोणीही म्हणणार नाहीं. वर उजेड झाला, म्हणजे मगच त्याचा शेंडा सरळ होतो. आधीं तयारी आणि मग उजेड, असा क्रम तेथें नाहीं. प्रतीक्षेनें झाड चिवट होतें हें खरें. परंतु तें ज्याची प्रतीक्षा कधीं तरी संपली त्या झाडाविषयीं खरें आहे. ज्याची संपलीच नाहीं, तें सांवलींतच मरतें, आणि त्याच्या चिवटपणाची साक्ष देण्यास कोणी उरत नाहीं. दुसऱ्या बाजूस, एकाएकीं सारी सांवली काढून घेतली, तर बीचाची पातळ साल उन्हानें करपते, हेंही तितकेंच खरें आहे. म्हणून रागावून एका दिवसांत सारे राजीनामे टेबलावर फेंकणारे वडील हेही कांहीं उपकार करीत नाहींत. एक खातें आज, एक किल्ली उद्यां, एक निर्णय परवां, अशी लहान लहान भोंकें छतांत पडत जावींत. आणि ज्यानें तीं पाडलीं, तो पडणाऱ्या उजेडांत काय वाढतें तें पाहावयास जवळच असावा. वृक्षाला हें भाग्य नाहीं. त्याला जागा करून द्यावयाची तर मरावें लागतें. माणसाला जिवंतपणींच बाजूस सरतां येतें, आणि आपल्या हयातींतच आपल्या जागीं वाढलेलें झाड पाहतां येतें.

आम्ही स्वतः पन्नाशी ओलांडलेल्या पिढींतले आहों. म्हणून बाजूस सरल्यावर मग आपण कोण, ही जी धास्ती अनेकांस वाटते, ती आम्हांस परकी नाहीं. तिचें उत्तर त्या कार्पाथियन रानांतील एक पंचमांश मृत लाकडांत आहे असें आम्हांस वाटतें. जुने वनाधिकारी असें लाकूड म्हणजे घाण समजून उचलून नेत. आतां कळून आलें आहे कीं, बुरशी, शेवाळ, कीटक ह्यांच्या शेंकडों जाती त्या पडलेल्या खोडांच्या आश्रयानें राहतात, पाणी त्यांत मुरून राहतें, आणि पुढच्या पिढीची माती त्यांच्यापासून होते. अशा खोडास तेथें सत्ता नाहीं, पण उपयोग आहे. तें कोणाचा उजेड अडवीत नाहीं, पण पुष्कळांस आधार देतें. सल्ला मागितला तर देणारा, न मागितला तर रागें न भरणारा, नातवंडांस गोष्टी सांगणारा आणि संस्थेच्या जुन्या दप्तरांतला कोणता कागद कोठें आहे हें ठाऊक असणारा म्हातारा मनुष्य आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. त्याची जागा कोणत्याही घटनेंत लिहिलेली नसते, आणि तो गेल्यावर मात्र ती भरून काढतां येत नाहीं.

तेव्हां आपल्या घराची किंवा संस्थेची प्रकृति कशी आहे असा प्रश्न मनांत आला, तर आधीं तींतील सर्वांत उंच माणसाकडे पाहूं नये. त्याच्या सावलींत कोण उभें आहे, तें कोणत्या बीजाचें आहे, आणि त्याच्यापर्यंत उजेड पोंचावा म्हणून गेल्या वर्षांत कोणी कोठें थोडें सरकलें काय, एवढें पाहावें. उत्तर नकारार्थी आलें, तरी निराश होण्याचें कारण नाहीं. ताकाओ डोंगरावरील वृक्षांस आपली स्थिति कळत नाहीं, आणि कळली तरी हलतां येत नाहीं. आपणांस दोन्ही येतें.